एका वेळी एकच सूर : विजेच्या वाद्यावरचा बाख

हार्मोनियमवर एक सूर धरा आणि तोच सूर बासरीवर वाजवायला मित्राला सांगा. दोन्ही सुरांची तारता, म्हणजे उच्चनीचता, सारखी आहे. मोठेपणाही सारखा ठेवता येईल. तरी शेजारच्या खोलीत डोळे मिटून बसलेली तुमची आजीसुद्धा बिनचूक सांगेल, "ही पेटी आणि ही बासरी." कान हे कशावरून ओळखतो?

पाठ्यपुस्तकात याचे उत्तर एका वाक्यात दिलेले असते : ध्वनीच्या गुणावरून. उत्तर बरोबर आहे. परीक्षेत त्याला पूर्ण गुणही मिळतात. पण ते आपल्याला खरोखर कळले आहे का? एखादी गोष्ट कळली की नाही, हे पाहण्याची एक कडक कसोटी आहे. ती गोष्ट स्वतः तयार करून दाखवायची. बासरी नको, तार नको, फुंकर नको. हाताशी फक्त वीज. तिच्यातून ऐकणाऱ्याला भावेल असा जिवंत सूर काढून दाखवा!

१९६८ साली अमेरिकेत निघालेली एक ग्रामोफोन तबकडी या कसोटीला उतरली. तिचे नाव ‘स्विच्ड-ऑन बाख’. ‘बटण दाबून चालू केलेला बाख’ असे त्या नावाचे गमतीदार भाषांतर करता येईल. पण बटण दाबले आणि बाख वाजू लागला, असे मात्र मुळीच घडलेले नव्हते. खरे काय घडले, ते आज आपण पाहू.

तबकडी आणि तिचे कर्ते

योहान सेबास्टियान बाख (१६८५–१७५०) हा जर्मन संगीतकार. युरोपीय अभिजात संगीतात त्याचे स्थान फार वरचे आहे. त्याच्या रचना विजेच्या वाद्यावर वाजवून ही तबकडी तयार केली वेंडी कार्लोस यांनी. (त्या पारलिंगी स्त्री आहेत, त्या वेळी तबकडीवर त्यांचे पूर्वीचे नाव छापलेले होते. आज त्या वेंडी कार्लोस याच नावाने ओळखल्या जातात.) १९३९ साली जन्मलेल्या कार्लोस यांनी महाविद्यालयात पदार्थविज्ञान आणि संगीत या दोन्ही विषयांचा अभ्यास केला होता. पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्या संगीतरचना शिकल्या. या कामात निर्मात्या म्हणून रेचल एल्काइंड यांनी त्यांना साथ दिली, तर संगीताचे अभ्यासक बेंजामिन फोकमन यांनी साहाय्य केले.

वाद्य होते मोग सिंथेसायझर. ते बनवणारे रॉबर्ट मोग (१९३४–२००५) हे अभियंते. तरुणपणी ते थेरेमिन नावाचे, हात न लावता वाजवायचे विजेचे वाद्य तयार करून विकत. १९६४ साली हर्बर्ट डॉइच या संगीतकाराबरोबर काम करताना त्यांनी नव्या वाद्याचे पहिले नमुने बांधले. १९६५ साली त्यांना कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. न्यूयॉर्क राज्यातील ट्रुमन्सबर्ग या लहानशा गावात त्यांचा कारखाना होता.

हे वाद्य पेटीसारखे एकसंध नव्हते. लाकडी कपाटात ओळीने बसवलेल्या अनेक सुट्या पेट्या, प्रत्येक पेटीला फिरवायच्या खुंट्या आणि भोके, आणि एका पेटीतून दुसरीत खोचलेल्या जोडतारांचे जंजाळ! जुन्या टेलिफोन एक्स्चेंजचे चित्र तुम्ही पाहिले असेल, तर साधारण तसेच. सुट्या घटकांचे, म्हणून ते ‘मॉड्युलर’; आणि घटक जोडून ध्वनी सिद्ध करणारे, म्हणून ‘सिंथेसायझर’, म्हणजे संश्लेषक. रसायनशास्त्रात तुम्ही पृथक्करण आणि संश्लेषण हे शब्द शिकता. इथे तेच काम ध्वनीवर करायचे आहे.

ध्वनीचे तुकडे

कोणताही सूर घ्या. त्याच्याविषयी तीन प्रश्न विचारता येतात. तो किती उंच आहे? तो कसा आहे? आणि वेळेनुसार तो वाढतो-ओसरतो कसा? मोगच्या वाद्यातील तीन मुख्य घटक या तीन प्रश्नांची उत्तरे देतात.

पहिला घटक आंदोलक. हा ठरावीक कंप्रतेची विद्युत्-आंदोलने निर्माण करतो. सेकंदाला ४४० आंदोलने झाली तर एक सूर मिळतो. ८८० झाली तर त्याच्याच वरच्या सप्तकातला. पण आंदोलनाचा आकारही महत्त्वाचा असतो. नुसता ज्या-तरंग (गणितातल्या साइन वक्राचा) ऐकला, तर तो शिट्टीसारखा गुळगुळीत आणि काहीसा निर्जीव वाटतो, कारण त्यात एकच कंप्रता असते. आलेख करवतीच्या दातांसारखा असेल तर त्यात मूलस्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंप्रतेचे उपस्वरही असतात. त्यांचे आयाम मूलस्वराच्या १/२, १/३, १/४ असे क्रमाने उतरत जातात. हा आवाज भरदार आणि किंचित कर्कश असतो. चौकोनी तरंगात फक्त विषम उपस्वर असतात, १/३, १/५, १/७ आयामांचे. तो आवाज पोकळ वाटतो. पेटी आणि बासरी यांतला फरक मुख्यतः असाच, उपस्वरांच्या मिश्रणाचा.

दुसरा घटक गाळणी. चहाची गाळणी चोथा अडवते, तशी ही गाळणी उंच उपस्वर अडवते. मोग यांनी ट्रान्झिस्टरांच्या जोड्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकावर एक रचून ती बनवली. या शिडीला त्यांना १९६९ साली पेटंट मिळाले. शिडीतल्या चार टप्प्यांपैकी प्रत्येक टप्पा, मर्यादेच्या बऱ्याच वर गेल्यावर, एक सप्तक वरच्या उपस्वराचा आयाम निम्मा करतो. चार टप्पे, म्हणून १/२ × १/२ × १/२ × १/२ = १/१६. उदाहरणार्थ, २२० कंप्रतेचा करवतदाती तरंग घ्या आणि गाळणीची मर्यादा ८८० ला ठेवा. २२०, ४४०, ६६० हे घटक बहुतांशी पार होतील. त्यापुढचे झपाट्याने क्षीण होत जातील. मर्यादा हळूहळू वर नेली की आवाज जणू मिटलेले तोंड उघडावे तसा उजळत जातो.

ही उपमा नुसती कल्पना नाही. एकाच सुरात ‘ऊ’ म्हणा आणि आवाज न तोडता ‘आ’ म्हणा. कंठातली कंपने तीच आहेत, बदलली ती तोंडाच्या पोकळीची गाळणी. म्हणजे गाळणी लावलेले एक वाद्य प्रत्येकाच्या गळ्यात जन्मापासून आहेच!

तिसरा घटक विवर्धक, आणि त्याला हुकूम देणारा चढ-उताराचा आलेख. सतारीची तार छेडली की ध्वनी एकदम उसळतो आणि मग हळूहळू विरतो. पेटीचा सूर भात्याबरोबर उठतो, टिकतो आणि पट्टी सोडताच थांबतो. मोगच्या वाद्यात हा आलेख चार आकड्यांत सांगावा लागे : उठायला किती वेळ, थोडे उतरायला किती वेळ, कोणत्या पातळीवर टिकायचे आणि पट्टी सोडल्यावर लोपायला किती वेळ. उठायला सेकंदाचा एखादा शतांश भाग दिला तर आघात ऐकू येतो. अर्धा सेकंद दिला तर तोच सूर लाटेसारखा उमटतो.

सगळ्यांची एकच भाषा

असे आंदोलक, गाळण्या आणि विवर्धक मोग यांच्या आधीही प्रयोगशाळांत होतेच. मोग यांच्या रचनेचे वैशिष्ट्य असे की या सगळ्या घटकांना एकच भाषा समजत असे. ती भाषा म्हणजे व्होल्टेज. खुंटी हाताने फिरवण्याऐवजी एका घटकातून निघालेले व्होल्टेज दुसऱ्याला दिले, की ते त्याची खुंटी ‘फिरवते’.

आंदोलकासाठी नियम असा ठरला : एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक चढेल. म्हणजे व्होल्टेज एकेकाने वाढते तेव्हा कंप्रता दुपटीने वाढते : ११०, २२०, ४४०, ८८०. एका बाजूला बेरीज आणि दुसऱ्या बाजूला गुणाकार! गणितात घातांक आणि लॉगरिदम शिकताना हेच नाते तुम्हाला भेटते. सप्तकात लगतच्या पट्ट्यांमधली अंतरे १२, म्हणून एका पट्टीवरून पुढच्या पट्टीवर जायला १/१२ व्होल्ट, म्हणजे सुमारे ०.०८३ व्होल्ट. स्वरपट्ट्यांची फळी एवढेच करी. प्रत्येक पट्टी ठरावीक व्होल्टेज पाठवी.

यातून आणखी एक गोष्ट साधते. व्होल्टेज पायऱ्यांनीच बदलले पाहिजे असे नाही. ते सावकाश सरकवले तर सूर अखंड घसरत एका स्वरावरून दुसऱ्यावर जातो. पेटीवर मींड घेता येत नाही, ही आपली जुनी तक्रार. व्होल्टेजने चालणाऱ्या वाद्यावर ती घेता येते.

एक आंदोलक, एक सूर

आता अडचण पाहा. त्या स्वरफळीतून एका वेळी एकच व्होल्टेज निघे. दोन पट्ट्या एकदम दाबल्या तरी दोन वेगळे सूर वाजत नसत. पियानोवर दहा बोटांनी दहा सूर निघतात; या कपाटभर यंत्रातून एका क्षणी एकच स्वररेषा. पाश्चात्त्य संगीत तर एकाच वेळी अनेक सूर वाजवण्यावर उभे आहे. मग बाख वाजवायचा कसा?

उत्तराचा एक भाग तंत्रज्ञानात होता. कार्लोस यांच्याकडे आठ समांतर मार्गांवर ध्वनिमुद्रण करणारे टेपयंत्र होते. एका मार्गावर पहिली स्वररेषा मुद्रित करायची. मग ती ऐकत ऐकत दुसऱ्या मार्गावर दुसरी. तीन सुरांचा मेळ हवा असेल तर प्रत्येक सूर निराळा वाजवायचा. आठ मार्ग भरले की काही मार्ग एकत्र करून दुसरीकडे उतरवून जागा मोकळी करता येई. पण टेपची अशी प्रत्येक नक्कल पार्श्वभूमीतली खरखर वाढवते, म्हणून ही उधारी जपूनच वापरावी लागे.

उत्तराचा दुसरा भाग बाखमध्ये होता, आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. बाखचे बरेचसे संगीत वेणीसारखे आहे. दोन, तीन, चार स्वतंत्र चाली एकाच वेळी पुढे जातात. एक बोलते, दुसरी तिला उत्तर देते, तिसरी तोच विषय खालच्या पट्टीत उचलते. या तबकडीत ‘टू-पार्ट इन्व्हेन्शन’ प्रकारातल्या तीन रचना आहेत. नावाप्रमाणे त्यांत नेमक्या दोन चाली आहेत. ‘प्रिल्यूड आणि फ्यूग’च्या दोन जोड्या आहेत, त्यांतले दोन्ही फ्यूग तीन चालींचे आहेत. अशा संगीतात प्रत्येक चाल स्वतः पूर्ण असते. एका वेळी एकच सूर काढणाऱ्या वाद्याला याहून चांगले काम कोणते मिळणार? प्रत्येक चालीला वेगळा ध्वनिगुण दिला की वेणीतले पेड रंगीत दोऱ्यांसारखे वेगवेगळे दिसू लागतात.

बाखला हे रुचले असते का? निश्चित उत्तर कोण देणार? पण एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तबकडीची सुरुवात त्याच्या २९व्या कॅन्टाटाच्या सिन्फोनियाने होते. तो भाग ऑर्गन आणि वाद्यवृंदासाठी आहे. पण त्याचे मूळ बाखच्याच एका व्हायोलिनच्या रचनेत आहे. म्हणजे एका वाद्यावरचे संगीत उचलून दुसऱ्यावर नेणे हे त्याने स्वतःच केले होते.

सूर जागेवर का राहत नसे?

या वाद्याचा एक मोठा दोष म्हणजे त्याचे सूर सरकत. काही वेळ वाजवावे, थांबावे, सूर पुन्हा जुळवावे, मग पुढे जावे, असे चाले. वाद्य विजेचे, तार नाही, खुंटी सैल होण्याची भीती नाही. मग असे का व्हावे?

कारण पदार्थविज्ञानात आहे. व्होल्टेजच्या बेरजेचे कंप्रतेच्या गुणाकारात रूपांतर करण्यासाठी अशा मंडलांत ट्रान्झिस्टरचा एक नैसर्गिक गुण वापरतात : त्याला दिलेले व्होल्टेज समान पायऱ्यांनी वाढवले, तर त्यातला विद्युत्प्रवाह पटीने वाढतो. पण ही पट निरपेक्ष तापमानावर अवलंबून असते. खोलीचे तापमान सुमारे ३०० केल्व्हिन धरा. ते १ अंशाने बदलले, आणि मंडलात त्याची भरपाई केलेली नसली, तर ‘एका व्होल्टला एक सप्तक’ हे माप सुमारे १/३०० ने बिघडते.

फरक क्षुल्लक वाटतो ना? हिशेब करू. आधारस्वरापासून तीन सप्तके वरचा सूर घ्या. तो ३ × १/३००, म्हणजे १/१०० सप्तक सरकेल. सप्तकात लगतच्या पट्ट्यांची १२ अंतरे. म्हणून ही सरक १२/१००, म्हणजे एका पट्टीच्या अंतराचा सुमारे आठवा भाग. तापमान ४ अंशांनी बदलले तर सूर जवळजवळ अर्धी पट्टी बेसूर! तापलेले दिवे, यंत्राचीच उष्णता, खिडकीतून आलेला वारा, एवढे पुरे. तंबोरा हवेच्या आर्द्रतेने उतरतो, हे तुम्ही ऐकले असेल. ट्रान्झिस्टरचे वाद्य उष्णतेने उतरत असे. साधन बदलले तरी सूर जुळवण्याची कटकट सुटली नाही.

मग वाजवले कोणी?

वर्गात हा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "सर, म्हणजे हे संगीत यंत्राने वाजवले. मग त्यात कलावंताचे काय?"

प्रश्न योग्य आहे; त्याचे उत्तर आकड्यांत देता येते. सुमारे ४० मिनिटांच्या त्या तबकडीसाठी अंदाजे १,००० तास काम करावे लागले असे सांगितले जाते. भागाकार करा : एका मिनिटाच्या संगीतामागे २५ तास. यंत्राला काहीच येत नव्हते. सूर किती उंच, कसा, केव्हा उठावा, केव्हा विरावा, यातले एकही उत्तर त्याच्यापाशी तयार नव्हते. प्रत्येक सुराचे प्रत्येक अंग माणसानेच ठरवले, जोडतारा बदलून जुळवले आणि बोटांनी वाजवले. बोटाच्या दाबाप्रमाणे सूर बदलावा म्हणून कार्लोस यांनी स्पर्श ओळखणारी स्वरफळी मागितली आणि मोग यांनी ती बनवून दिली. वाजवणारीच्या तक्रारींतून वाद्य सुधारत गेले आणि सुधारलेल्या वाद्यातून संगीत.

एका जागी तर बाखने जवळजवळ काहीच लिहून ठेवलेले नाही. तिसऱ्या ब्रँडेनबर्ग कॉन्चेर्टोच्या मधल्या भागात फक्त दोन स्वरमेळ आहेत. तिथे वादकाने आपले काही भरावे अशी अपेक्षा असावी. आपल्याकडे गायक बंदिशीच्या आधाराने विस्तार करतो, त्यासारखेच हे. कार्लोस यांनी ती जागा स्वतःच्या रचनेने भरली.

म्हणून या तबकडीकडे पाहताना ‘माणूस की यंत्र’ असा झगडा मनात आणू नका. यंत्राने श्रम वाचवले नाहीत, उलट वाढवले. त्याने दिले ते वेगळेच : आपल्याला ध्वनीविषयी नेमके काय कळले आहे आणि काय नाही, हे लपवायला जागा ठेवली नाही. व्हायोलिनवादक हाताच्या सवयीने जे करतो, ते इथे मोजून सांगावे लागले.

पुढे काय झाले

तबकडी अनपेक्षितपणे गाजली. अभिजात संगीताच्या तबकड्या फारशा खपत नाहीत; हिच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. १९७० साली तिला तीन ग्रॅमी पुरस्कार मिळाले. त्यांपैकी एक उत्कृष्ट ध्वनिमुद्रणाचा होता. बाख वाजवण्यासाठी विख्यात असलेले पियानोवादक ग्लेन गूल्ड यांनी तिची मोठी प्रशंसा केली. २००५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत तिचा समावेश झाला. जपानच्या इसाओ तोमिता यांनी १९७४ साली डेब्यूसी या फ्रेंच संगीतकाराच्या रचना अशाच रीतीने सादर केल्या.

भारतातही ही लाट लवकर पोचली होती. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने मोग वाद्याचा स्टुडिओ उभा राहिला. गीता साराभाई यांच्यासह काही भारतीयांनी तिथे प्रयोग केले. ती मुद्रणे दीर्घ काळ विस्मृतीत होती. २०२३ साली त्यांतली निवडक प्रसिद्ध झाली.

१९७० साली जोडतारांवाचून चालणारा, उचलून नेता येईल असा ‘मिनीमोग’ आला. पुढे अंकीय तंत्र आले आणि कपाटभर यंत्राचे काम आज खिशातला फोन करतो. त्यात सूर सरकत नाहीत आणि हजारो आवाज तयार मिळतात. सोय झाली, यात शंका नाही. पण तयार आवाजाचे बटण दाबणाऱ्याला तो आवाज कशाचा बनला आहे, हे कळण्याची गरज उरली नाही. ती गरज आपण मुद्दाम राखली पाहिजे. त्यासाठी पुढील प्रयोग आहेत.

करून पहा

शाळेच्या संगणकावर ‘ऑडॅसिटी’ हा मोफत मिळणारा ध्वनिसंपादक शिक्षकांच्या मदतीने घाला.

१. २२० कंप्रतेचा ज्या-तरंग, चौकोनी तरंग आणि करवतदाती तरंग तयार करा. आवाज बेताचा ठेवून तिन्ही ऐका. तारता एक, गुण तीन.

२. करवतदाती तरंगाला उंच कंप्रता अडवणारी गाळणी लावा. मर्यादा आधी ३,०००, मग १,०००, मग ४०० ठेवून फरक टिपा. कोणती गाळणी बासरीच्या जवळ नेते?

३. सतारीचा किंवा गिटारचा एक छेडलेला सूर मुद्रित करा आणि तो उलटा वाजवा. उपस्वर तेच आहेत, फक्त चढ-उताराचा आलेख उलटला. वर्गातल्या मित्रांना हे कोणते वाद्य ते ओळखायला सांगा आणि किती जण फसतात ते मोजा.

४. तुम्हाला येणाऱ्या एखाद्या गाण्याची चाल एका मार्गावर आणि तिला साथ देणारा षड्ज दुसऱ्या मार्गावर मुद्रित करा. दोन्ही जुळेपर्यंत किती वेळ लागला, तो घड्याळ लावून लिहून ठेवा. नंतर त्याची तुलना मिनिटामागे २५ तासांशी करा.

पहिल्या तीन प्रयोगांनंतर ‘ध्वनीचा गुण म्हणजे काय?’ या प्रश्नाचे उत्तर पुन्हा एकदा वहीत लिहा. या वेळी ते एका वाक्यात मावणार नाही.